वडिलांचे एटीएम कार्ड काढून घ्यावे का? स्मृतिभ्रंश आणि घरातला रोजचा पैसा

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील ७४ वर्षांचे असून टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि आईसह कराडला राहतात. गेल्या वर्षी त्यांना अल्झायमरचे निदान झाले. डॉक्टरांच्या मते आजार अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे. मागच्या महिन्यात त्यांनी एटीएममधून तीन वेळा दहा-दहा हजार रुपये काढले आणि ते कुठे गेले हे त्यांना सांगता आले नाही. पिन लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या चष्म्याच्या घरात सापडली. भावाचे म्हणणे आहे की कार्ड सरळ काढून घ्यावे. आईला तो त्यांचा अपमान वाटतो. ताई विचारतात की कार्ड काढून घ्यावे का, आणि तोपर्यंत वडिलांच्या पिनने आपणच पैसे काढून घरी दिले तर चालेल का.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत अनेक वर्षे शाखाधिकारी होतो आणि निवृत्तीनंतर स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुटुंबीयांच्या बैठकांमध्ये बँकेचे कागद समजावून देण्याचे काम करतो. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, त्यामुळे पुढे कायद्याबद्दल जे लिहिले आहे ते आपल्या वकिलांकडून आपल्या परिस्थितीनुसार पडताळून घ्यावे. खाते कसे चालते आणि कुठे अडते, हे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

माझ्या मते कार्ड काढून घ्यावे की नाही, हा येथे मुख्य प्रश्न नाही. वडिलांच्या हातातले कार्ड आज थेट त्यांच्या पेन्शनच्या खात्याला जोडलेले आहे आणि त्या खात्यात आयुष्यभराची शिल्लक असण्याची शक्यता आहे. धोका तेथे आहे. त्याच कार्डामागे दोन-तीन हजारांचे खाते असते, तर चिठ्ठी सापडल्यावर आपण फार तर हळहळला असता. म्हणून माझा सल्ला असा की कार्ड त्यांच्याकडेच राहू द्यावे आणि त्यामागचे खाते बदलावे. हे काम त्यांना समजते आहे आणि त्यांची सही चालते आहे तोपर्यंत, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांत करावे.

हे सगळ्यांनाच लागू पडेल असे नाही. आजाराचा प्रकार कोणता आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. अल्झायमरमध्ये बहुधा नव्या गोष्टी आधी विसरल्या जातात, तर मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणाऱ्या प्रकारात स्मरणशक्ती बरी असूनही माणूस उधळेपणाने खर्च करू लागतो, आणि अशा घरात कार्ड लवकर थांबवावे लागते. आई व्यवहार सांभाळू शकतात का, जवळ कोण राहते, भावंडांचे एकमेकांशी कसे आहे, घरात कर्ज किंवा चालू व्यवसाय आहे का, यावरही उत्तर बदलते. आणखी एक गोष्ट म्हणजे, हिशेबातला गोंधळ अचानक वाढला असेल तर बँकेआधी डॉक्टरांकडे जावे. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य किंवा लघवीचा जंतुसंसर्ग यांनीही वृद्धांची समज ढासळू शकते आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

या आजारात काय आधी जाते आणि काय मागे राहते, हे समजले की पुढची व्यवस्था का अशी सुचवतो आहे ते लक्षात येईल. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक दर सोमवारी पासबुक भरून घ्यायला येत असत. पैसे काढण्याची स्लिप ते सुवाच्य अक्षरात भरत, सही नमुन्याबरहुकूम करीत, रोखपालाची विचारपूस करीत. त्यांना काही झाले आहे असे कोणालाही वाटले नसते. मात्र पाचशेच्या चार नोटा हातात दिल्या की ते त्या मोजत, पुन्हा मोजत, आणि "बाकीचे?" असे विचारत. सही, अक्षर, बोलण्यातला शिष्टाचार या वर्षानुवर्षांच्या सवयी टिकून होत्या. आत्ता किती मागितले आणि किती मिळाले, ही दोन मिनिटांपूर्वीची बेरीज मात्र टिकत नव्हती. आपल्या वडिलांच्या तीन वेळच्या दहा हजारांचा उलगडा बहुधा येथेच आहे. काल पैसे काढल्याचे आठवत नाही, घरात पैसे नाहीत अशी काळजी वाटते, आणि पाय सवयीने एटीएमकडे वळतात. ते पैसे कोणी लुबाडलेच असतील असे गृहीत धरू नये. आधी गादीखाली, देव्हाऱ्यात, जुन्या कोटाच्या खिशात आणि धान्याच्या डब्यात पाहावे. (अशा शोधात दोन हजारांच्या जुन्या नोटा सापडल्या तर त्या टाकू नयेत. मे २०२३ मध्ये त्या चलनातून मागे घेतल्या असल्या तरी त्यांची वैधता गेलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर आणि नागपूर येथील कार्यालयांत त्या स्वीकारल्या जातात आणि टपालानेही पाठवता येतात.)

आता खात्यांची मांडणी. वडील केंद्र सरकारचे पेन्शनर आहेत, हे येथे महत्त्वाचे आहे. केंद्रीय पेन्शनचे खाते संयुक्त करायचे असेल तर ते फक्त पती किंवा पत्नीसोबत करता येते, मुलासोबत किंवा मुलीसोबत नाही. शिवाय त्या खात्यावर मुखत्यारपत्र घेऊन दुसऱ्या कोणाला व्यवहार करू दिले जात नाहीत. चेकबुक मात्र मिळते आणि दरमहा ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात वळवण्याची स्थायी सूचनाही देता येते. बरीच कुटुंबे मुलाच्या नावे मुखत्यारपत्र तयार करून बँकेत येतात, पेन्शनच्या खात्यावर ते चालत नाही असे कळले की बँकेवर चिडतात आणि स्थायी सूचनेबद्दल विचारायचे राहून जाते.

म्हणून पेन्शनच्या खात्यात आईंचे नाव नसेल तर ते आधी घालून घ्यावे आणि खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे करावे, म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही एकाच्या सहीने व्यवहार होईल. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ नको, कारण त्यात पहिले नाव असलेली व्यक्ती हयात आहे तोपर्यंत तिच्याच सहीने खाते चालते आणि नेमकी तीच सही उद्या अडणार आहे. नॉमिनेशन केलेले आहे म्हणून निर्धास्त राहू नये; ते खातेदाराच्या मृत्यूनंतर उपयोगी पडते, हयातीत त्याने एक रुपयाही काढता येत नाही. या खात्याचे एटीएम कार्ड वडिलांसाठी बंद करावे आणि नेट बँकिंग वापरात नसेल तर तेही बंद करावे. खात्याला मुदत ठेव ‘ऑटो स्वीप’ने जोडलेली आहे का, हे आवर्जून विचारावे. तशी जोडलेली असेल तर बचत खात्यातले पैसे संपले की ठेव आपोआप मोडत राहते, आणि आपण पाहिलेली शिल्लक व प्रत्यक्ष धोक्यात असलेली रक्कम यांत मोठी तफावत पडते.

दुसरे खाते घरखर्चाचे. ते आई आणि आपण यांच्या नावे, दोघींपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असे असावे. वीजबिल, गॅस, औषधे, कामवाल्या बाईंचा पगार हे सगळे येथून जावे आणि जे आपोआप भरता येईल ते तसेच लावून द्यावे.

तिसरे खाते वडिलांचे, हातखर्चाचे. कार्ड याच खात्याचे असावे. केंद्रीय पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते, फक्त मार्चची एप्रिलमध्ये. म्हणून दोन-तीन तारखेची स्थायी सूचना द्यावी, म्हणजे घरखर्चाच्या खात्यात मोठी रक्कम आणि हातखर्चाच्या खात्यात छोटी रक्कम वळत राहील. छोटी म्हणजे किती, हे घराघरावर आहे. माझी कसोटी अशी की ती सगळी रक्कम एका दिवसात गेली तरी घरात कोणाचा आवाज चढू नये.

एवढे झाल्यावर कार्डाच्या मर्यादा ठरवाव्यात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार एटीएम, दुकानातील यंत्र, ऑनलाइन, परदेशातील व्यवहार आणि टॅप करून देण्याचे व्यवहार हे सगळे स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय बँकेला द्यावी लागते. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंदच ठेवावेत. टॅपबद्दल माझे मत अनेकांना उलटे वाटते. पिन न विचारता एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पैसे जातात म्हणून ती सोय बंद करावी असे लोक म्हणतात, आणि मोठ्या खात्याच्या बाबतीत मीही तेच सांगेन. पण खात्यातच दोन-तीन हजार असतील तर टॅप चालू ठेवलेले बरे, कारण मग औषधाच्या दुकानात पिन आठवावा लागत नाही, चिठ्ठीही बाळगावी लागत नाही, आणि चुकीचा पिन तीनदा दाबल्याने कार्ड अडून रांगेतल्या लोकांसमोर शरमिंदे होण्याची वेळ येत नाही. या आजारात माणूस घराबाहेर पडणे सोडतो, त्यात अशा एखाद्या प्रसंगाचा वाटा पुष्कळदा असतो.

यूपीआयचे थोडक्यात सांगतो. वडील ते आजवर वापरत नसतील तर आता शिकवू नये. वापरत असतील तर ॲपमधून पेन्शनचे खाते काढून टाकून फक्त हातखर्चाचे खाते ठेवावे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ‘यूपीआय सर्कल’ ही सोयही पाहण्यासारखी आहे. त्यात एक जण आपल्या खात्यातून दुसऱ्या विश्वासू व्यक्तीला पैसे देऊ देतो, एक तर ठरवून दिलेल्या मर्यादेत, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपये, किंवा प्रत्येक व्यवहाराला स्वतः पिन टाकून मंजुरी देऊन. दुसरा प्रकार ऐकायला सुरक्षित वाटतो, पण आपण पुण्यात मीटिंगमध्ये असताना कराडला वडील नारळवाल्यासमोर मंजुरीची वाट पाहत उभे राहणार असतील, तर तो त्यांच्यासाठी नाही.

आता रोख पैसे. रोख रकमेला कोणतीही मर्यादा घालता येत नाही म्हणून अनेक जण ती आधी बंद करतात, आणि नेमकी तीच शेवटपर्यंत ठेवावी असे मला वाटते. खिशात काहीच नसले की वडिलांच्या वयाच्या माणसाला आपण पाहुणे झालो असे वाटू लागते. देवळात दहा रुपये टाकता आले नाहीत किंवा नातवाच्या हातावर काही ठेवता आले नाही, तर त्याचे दुःख कार्ड बंद झाल्यापेक्षा मोठे असते. आठवड्याची रक्कम दहा, वीस, पन्नास आणि शंभराच्या नोटांत द्यावी, पाचशेची नोट पाकिटात नसावी. भाजीवाल्याला चुकून पाचशे देणे आणि चुकून पन्नास देणे यांत पुष्कळ फरक आहे. नेहमीच्या किराणा दुकानदाराला, औषधवाल्याला आणि दूधवाल्याला एकदा प्रत्यक्ष भेटून सांगावे की वडील जे नेतील ते वहीत मांडून ठेवा, महिन्याचा हिशेब आम्ही करू, आणि तीच वस्तू दिवसातून दुसऱ्यांदा मागितली तर फक्त एक फोन करा. छोट्या गावांत आणि जुन्या पेठांत ही वहीची पद्धत अजून टिकून आहे आणि या आजारात तिच्याइतकी उपयोगी सोय मला कोणत्याही ॲपमध्ये सापडलेली नाही. आजाराचे नाव सांगायची गरज नाही. "त्यांना हल्ली विसरायला होते" एवढे पुरते.

पासबुक वडिलांकडेच राहू द्यावे, म्हणजे हातखर्चाच्या खात्याचे. ते भरून घ्यायला त्यांना महिन्यातून एकदा शाखेत न्यावे. टपाल खात्यात नोकरी केलेल्या माणसाने पैशांच्या नोंदी आयुष्यभर चोख ठेवलेल्या असतात. ते काम हातून गेले की संशय सुरू होतो, आणि अल्झायमरमध्ये "माझे पैसे कोणीतरी नेले" हा संशय तसाही वारंवार दिसतो. तो बहुधा कामवाली बाई, सून किंवा सेवा करणारी मुलगी, म्हणजे सर्वांत जवळच्या माणसावर येतो. अशा वेळी हिशेब दाखवून वाद जिंकता येत नाही. "चला, आपण मिळून शोधू" असे म्हणून पासबुक उघडून बसणे जास्त उपयोगी पडते. मात्र तो संशय कधी खराही असू शकतो, म्हणून नोंद आपण तपासावी, फक्त त्यांच्यासमोर उलटतपासणी करू नये.

आता आपला दुसरा प्रश्न, वडिलांच्या पिनने आपण पैसे काढण्याचा. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत हेच चालते हे मला ठाऊक आहे, तरीही मी नको म्हणेन. कार्डाचा पिन दुसऱ्याला देणे बँकेच्या अटींच्या विरुद्ध आहे, त्यामुळे उद्या खरोखरच कोणी पैसे चोरले तर बँक प्रथम तेवढेच विचारेल. त्याहून मोठी अडचण घरातली आहे. बँकेच्या नोंदीत ते सगळे पैसे वडिलांनीच काढलेले दिसतात. दोन वर्षांनी भावाने विचारले तर कोणते पैसे आपण त्यांच्यासाठी काढले आणि कोणते त्यांनी काढून हरवले, हे आपल्याला दाखवता येणार नाही. घरखर्चाच्या खात्यातून आपल्या नावाच्या कार्डाने किंवा सहीने काढलेल्या प्रत्येक रुपयावर आपला ठसा राहतो, आणि तो आपल्या संरक्षणासाठी असतो. सुरुवातीपासून एक साधी वही ठेवावी, औषधांच्या पावत्या तीत चिकटवाव्यात आणि दर तिमाहीला वहीच्या पानांचे फोटो भावाला न मागता पाठवावेत. पैसे वडिलांचे आहेत, खात्यावर आपले नाव आले म्हणून ते आपले झाले नाहीत, हे त्या वहीतून दोघांच्याही ध्यानात राहते.

कायद्याचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, पण घाई करायला सांगतो आहे ती त्याच्यामुळेच. आपल्याकडे लोक समजतात की मुखत्यारपत्र करून ठेवले की पुढची काळजी मिटली. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. इंग्लंडसारख्या काही देशांत क्षमता गेल्यानंतरही चालणारे मुखत्यारपत्र करता येते. तशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, त्याच दिवशी ते कायद्याने निरुपयोगी होते. पेन्शनबाहेरच्या खात्यांसाठी ते आज जरूर करावे, मधल्या काळात उपयोगी पडेल, पण त्याच्या भरवशावर पुढची दहा वर्षे काढता येणार नाहीत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, परंतु तो उपचारांच्या निर्णयांपुरता असतो. बँकेत त्याचा उपयोग नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हा पातळीवरील समितीकडून पालक नेमून घेता येतो, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. स्मृतिभ्रंश त्यात येत नाही. म्हणून क्षमता पूर्ण गेल्यावर मोठी ठेव मोडायची किंवा घर विकायचे झाले, तर बहुतेक वेळा उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असे पालक नेमले आहेत, पण त्यासाठी वैद्यकीय तपासणीचा अहवाल, नातेवाइकांची संमती, वकिलाचा खर्च आणि वेळ हे सगळे लागते. आज एका दुपारी शाखेत होणारे काम उद्या न्यायालयात नेण्याची वेळ येऊ नये, एवढाच या घाईचा अर्थ आहे.

निदान झाले म्हणजे क्षमता गेली, असे मात्र नाही. करार कायद्याच्या कलम १२ मध्ये कसोटी अशी आहे की करार करतेवेळी माणसाला तो समजतो का आणि आपल्या हिताअहिताचा विचार त्याला करता येतो का. सुरुवातीच्या टप्प्यातील पुष्कळ लोकांना "या खात्यात पत्नीचे नाव घालतो आहे, म्हणजे तीही पैसे काढू शकेल" हे नीट समजते. म्हणून बँकेत जाण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ताज्या तारखेचे पत्र घ्यावे की हे अमुक व्यवहार त्यांना आज समजतात. निदान लपवू नये, पण ते मोघमपणे सांगूही नये. "बाबांना आता काही कळत नाही" असे काउंटरवर म्हटलेत तर समोरचा अधिकारी त्यांची सही घ्यायलाच धजावणार नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही धजावलो नसतो. सकाळची वेळ गाठावी, या रुग्णांची समज बहुधा सकाळी जास्त चांगली असते. एक तारखेची पेन्शनची गर्दी टाळावी. आणि अर्ज घरी वाचून, समजावून, मगच न्यावेत. प्रश्नांची उत्तरे वडिलांना देऊ द्यावीत, आपण मध्ये बोलू नये. अधिकाऱ्याला पाहायचे असते ते तेवढेच.

त्याच भेटीत सहीचा नमुना ताजा करून घ्यावा. या आजारात पुढे सही बदलत जाऊ शकते आणि नमुन्याशी जुळली नाही तर चेक परत येतात. पुढे सही अजिबात जमेनाशी झाली तर आजारी आणि वृद्ध खातेदारांसाठी बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अंगठा घेऊन पैसे देण्याची पद्धत आहे. ती शरीराने असमर्थ झालेल्यांसाठी आहे, समजच गेलेली असेल तर तिचा आधार घेता येत नाही. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना ठरावीक सेवा घरपोच देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्या आहेत. त्यासाठीची नोंदणी याच वेळी करून टाकावी. दरवर्षीचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनही देता येतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या रांगेत त्यांना उभे करण्याचे कारण उरलेले नाही.

फसवणुकीबद्दल एक नियम माहीत असावा, कारण सगळी रचना त्याच्यावरच उभी आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितल्यामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. ओटीपी सांगणाऱ्याला स्मृतिभ्रंश होता म्हणून त्यात वेगळी सवलत नाही. फोनवर "पोलीस बोलतोय" असे कोणी दरडावले तर वडील सगळे सांगून टाकतील हे उघड आहे, आणि त्यांना कितीही बजावले तरी बजावलेलेच ते विसरतील. म्हणून त्यांना शिकवण्यावर विसंबू नये. त्यांच्या हातून जाऊ शकेल ती रक्कमच लहान ठेवावी. तरीही काही घडले तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि लगेच बँकेत तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. हातखर्चाच्या खात्याचे संदेश आपल्यालाही मिळतील असे पाहावे, ईमेलची नोंद आपली करता येते का हे शाखेत विचारावे. वडिलांचा मोबाइल क्रमांक सगळ्या खात्यांतून काढून आपला घालण्याआधी विचार करावा, कारण त्यांचे यूपीआय त्या क्रमांकावरच चालते आणि ते एकाएकी बंद पडले की पुन्हा "माझे पैसे कोणी नेले" येथून सुरुवात होते.

आईंबद्दल आपण प्रश्नात एकच वाक्य लिहिले आहे, पण वरची सगळी व्यवस्था त्यांच्यावर टेकलेली आहे. त्या पिढीतल्या अनेक बायकांनी संसार काटकसरीने चालवला, परंतु बँकेची पायरी कधी चढली नाही. नाव खात्यावर, सही मात्र नवऱ्याची. त्यांना नुसते दुसरे नाव म्हणून ठेवू नये. आपण कराडला जाल तेव्हा त्यांच्यासोबत एटीएममध्ये जाऊन, पैसे त्यांच्याच हाताने काढवून घ्यावेत, चेक लिहायला लावावा, शाखेतल्या एका अधिकाऱ्याशी ओळख करून द्यावी. वडिलांना अपमान वाटेल ही त्यांची भीती खरी आहे. त्यासाठी खात्यातला बदल आईंनी स्वतः सुचवल्यासारखा मांडता येतो: "तुम्ही आजवर एकट्याने पाहिले, आता मलाही दाखवून ठेवा." असे आईंनी म्हटले तर ते मुलीने म्हटल्यापेक्षा सहज स्वीकारले जाते. कार्ड बिघडले आहे, बँक बंद आहे, असे खोटे सांगू नये असे माझे मत आहे. ते एकदा चालते, मग वडील शाखेत जाऊन विचारतात आणि त्या दिवसापासून घरातल्या कोणावरही विश्वास ठेवत नाहीत.

ही रचना किती दिवस टिकेल, हे सांगता येत नाही. हातखर्चाची रक्कम दर महिन्याला पहिल्या आठवड्यातच संपू लागली, तीच वस्तू पुन्हा पुन्हा घरी येऊ लागली, किंवा नोट आणि बिलाचा कागद यांतला फरक कळेनासा झाला, की महिन्याची रक्कम आठवड्याची करावी. त्यानंतर कधीतरी कार्डाची आठवणच त्यांना राहणार नाही, तेव्हा ते बंद करावे. पाकीट आणि त्यातल्या दहा-वीसच्या नोटा मात्र तेव्हाही काढून घेऊ नयेत.